शेवंतीआजीच्या मसाल्यात परीची मूठ

परीचं नाव बेबी होतं. एखादं चंदेरी, झुळझुळीत नाव असतं तर बरं दिसलं असतं, पण परळ-लालबागच्या पऱ्यांमध्ये तशी पद्धत नाही. परी पहिल्यांदा ज्या खिडकीत दिसते, त्या घरात त्या क्षणी जी हाक चालू असेल, तेच तिचं नाव पडतं. बेबीच्या वेळी कुणीतरी कुणा बेबीला पाणी जायला लागलं म्हणून ओरडत होतं. पऱ्यांची मुख्य आहे नम्रता, तिलाही नाव असंच मिळालं. एका परीचं नाव दूधवाला आहे. ती फारशी बाहेर पडत नाही.

या सगळ्या परळच्या एका बंद गिरणीच्या चिमणीत राहतात. गिरणी गेली, चिमणी तेवढी राहिली. आजूबाजूच्या टॉवरमधले लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि आत कुणी खोकलं तर कबुतर समजतात.

लोकांना हलकं करणं हे या पऱ्यांचं काम. प्रत्येकीला जन्मतः एक मूठ भुकटी मिळते. सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढणाऱ्याला मधल्याच दोन पायऱ्या सोप्या जातात, खांद्यावर झोपलेलं पोर अचानक कापसाचं वाटायला लागतं, तेव्हा जवळपास परी असते. काम झालं की परी नुसतं ‘ये’ म्हणते आणि भुकटी मुठीत परत येते. अट एकच. ही भुकटी एकत्र कुटुंबातली आहे. येईल तर सगळी येईल. एक कण जरी कुठे अडकला, तर बाकीची जागची हलत नाही. आणि मूठ रिकामी असलेल्या परीचे पंख चालत नाहीत.

बेबीने काय केलं, तर मे महिन्यात ती लालबागला मसाल्याच्या डंकावर जाऊन बसली. तिथे बायका वर्षाचा मसाला कुटून घ्यायला येतात, आणि आपला मसाला दुसरीच्या मसाल्यात मिसळू नये म्हणून यंत्राच्या तोंडाशी पहारा देत उभ्या राहतात. त्या दिवशी शेवंतीआजी उभ्या होत्या. पदर नाकाला, डोळे मसाल्यावर. इतकं टक लावून बघणारं माणूस दिसलं की बेबीला राहवत नाही. आख्खा मसाला यंत्रातून उठून छताला लागला तर या बाई काय करतील, एवढंच तिला बघायचं होतं. तिने सगळी मूठ आत टाकली.

काहीच झालं नाही. मसाला कुटला गेला. बेबी ‘ये’ म्हणाली, पण भुकटी धण्या-मिरच्यांच्या गर्दीत पार अडकून बसली होती. बेबीने ठरवलं की नंतर बघू, आणि बाजूच्या गल्लीत चिवडा तळताना बघायला गेली.

नंतर म्हणजे दिवाळीत. चिमणीची साफसफाई निघाली, नम्रताने सगळ्यांना मुठी उघडायला लावल्या, आणि बेबीच्या तळहातावर फक्त रेषा होत्या. नम्रताने आवाज चढवला नाही. तिने बेबीचे पंख काढून खुंटीला लावले आणि म्हणाली, आधी मूठ भरून आण, मग हे घाल.

मसाल्याच्या बाबतीत एक नियम असतो. जुना संपल्याशिवाय नवी बरणी उघडत नाहीत. त्यामुळे मे महिन्यातली ती मूठ दिवाळीपर्यंत शेवंतीआजीच्या फळीवर शांत झोपलेली होती. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आजीने बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडला.

चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर आजी आणि अप्पा असे दोघंच राहतात. सुट्टीत विरारहून नात येते. तिचं नाव मनवा, वय दहा. ती तिखट खात नाही, वरणभात खाते. अप्पांचे गुडघे गेल्या गणपतीपासून जिना नको म्हणतात, म्हणून अप्पा तेव्हापासून खाली उतरलेले नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून ते रस्त्यावर देखरेख ठेवतात. रस्त्याला याची कल्पना नाही.

त्या रविवारी बांगड्याचं तिखलं झालं. माशाचं जेवण झाल्यावर लालबागमध्ये रविवारची दुपार अशी काही पडते की आवाजसुद्धा चपला काढून चालतात. पंखे फिरतात, पण झोपेत. भांडी घासायची राहतात आणि कुणाला वाईट वाटत नाही. अप्पा दाराजवळ वारा लागतो म्हणून तिथेच चटईवर आडवे झाले. मनवा खिडकीत चित्र काढत बसली होती. तिने वर पाहिलं तेव्हा चटई खाली होती आणि अप्पा कपाटाच्या उंचीला होते. घोरत होते. लेंग्याची नाडी खाली लोंबत होती आणि ऊन तिच्यावरून उतरत होतं.

मनवाने आजीला हलवून सांगितलं की अप्पा तरंगतायत. आजीने डोळे न उघडता सांगितलं, “पित्त झाला असतला.” आजी स्वतः गादीपासून दोन बोटं वर होती, पण गादी नुकतीच पिंजून आणली होती, त्यामुळे तिला त्यात नवल वाटलं नाही.

चहाच्या वेळेला जेवण पचलं तसे अप्पा हळूहळू खाली आले. पुढच्या रविवारी पोटमाळ्याला टेकले. तिथून त्यांनी झोपेतच एक जुना पितळी तांब्या खाली ढकलला, जो आजी दोन दिवाळ्या शोधत होती, त्यामुळे घरात कौतुकच झालं. मनवाला मात्र काळजी लागली. अप्पा दाराजवळ झोपतात. अजून थोडे वर-बाहेर झाले की गॅलरी, आणि गॅलरीनंतर काही नाही. दार लावून घ्यावं म्हटलं, तर चाळीत दिवसाढवळ्या दार लावलं की मजलाभर लोक विचारायला येतात, काय झालं, कोण गेलं.

सोमवारी आजी पाणी भरायला गेली असताना मनवाला स्वयंपाकाच्या ओट्यावर एक मुलगी दिसली. फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक, वय असेल पंधरा किंवा अडीचशे. तिचं डोकं मसाल्याच्या बरणीत होतं.

मनवाने विचारलं, कोण तू. मुलगी म्हणाली, गावची. हे उत्तर लालबागमध्ये कुठेही चालतं. लोक म्हणतात, बस हां, चहा टाकते. पण मनवा विरारची होती.

“फ्रॉकला मागे दोन भोकं कशाला?”

“उकडतं.”

“अप्पा तुझ्यामुळे उडतात?”

बेबीने आधी तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी सांगून पाहिल्या. एकीत ती गॅसवाली होती. शेवटी तिने खरं सांगितलं, कारण बाकीचं संपलं. मनवाला परीचं फार आश्चर्य वाटलं नाही. तिला एकच गोष्ट हवी होती, अप्पा घरात राहायला हवेत. बेबी म्हणाली, आता तर राहायलाच हवेत, कारण दुपारचा वारा समुद्राकडून सुटतो आणि शिवडीकडे जातो. अप्पा सुटले तर पार तिकडे जाणार, आणि जेवण पचलं की नेमके खाडीवर उतरणार. तिथला चिखल फ्लेमिंगोंना पेलतो, माणसाला गिळतो.

उपाय सरळ होता. सगळा मसाला एका जागी आणायचा. पोटातली भुकटी शिंकेबरोबर बाहेर पडते, तिचं त्यांनी नंतर बघायचं ठरवलं. एकदा सगळी जवळ आली की बेबी ‘ये’ म्हणेल, भुकटी मुठीत, अप्पा चटईवर, पंख पाठीला. पण आजीने मे महिन्यातच एक बरणी दादरला मुलीकडे, म्हणजे मनवाच्या आकांक्षा आत्याकडे पाठवली होती, आणि दुसरी गिरगावात देविकाआजींकडे. आणि दिलेला मसाला परत कसा मागतात, हे कुणालाच माहीत नव्हतं. मागत नाहीतच. तसा प्रसंग आजवर आलेला नाही.

शनिवारी फराळाचा डबा पोचवायच्या निमित्ताने दोघी बसने दादरला गेल्या. आजीने बेबीला कोणाची कोण म्हणून विचारलंही नाही. गावची म्हटल्यावर तिच्या हातात पिशवी दिली.

आत्याच्या घरी मनवाने खूप विचार करून ठेवलेलं वाक्य म्हटलं, “आत्या, आजीने बरणी परत मागितलीये.”

आत्या म्हणाली, थांब, देते. ती आत गेली. बराच वेळ नळाचा आवाज आला. मग तिने बरणी कागदात गुंडाळून आणून दिली. दोघी आनंदाने खाली उतरल्या, फुलांच्या बाजारापर्यंत गेल्या, झेंडूच्या ढिगाशेजारी उभं राहून कागद सोडला. बरणी चकचकीत होती आणि आत साखर होती. आत्याने अजून न वापरलेला मसाला स्वतःच्या डब्यात काढला, बरणी घासली, पुसली, आणि भांडं रिकामं परत करत नाहीत म्हणून साखर भरली. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

दोघी परत वर गेल्या. या वेळी बेबीने मनवाला बोलूच दिलं नाही. हे माझ्यावर सोड, म्हणाली. अडीचशे वर्षं खोटं बोलून तिचा हात बसला होता. तिने चेहरा पाडून आत्याला सांगितलं की यंदाचा मसाला बिघडलाय, किडे झालेत, आजीला सांगायला लाज वाटते, तेव्हा तुमच्याकडचा द्या, आम्ही गुपचूप टाकून देतो. लहानसं, नीटनेटकं खोटं होतं. बेबीला त्याचा अभिमान वाटला.

आत्याने फोन उचलला आणि आजीला लावला. “आई, तुझा मसाला बिघडलाय म्हणे?”

पलीकडून आजी एवढंच म्हणाली की तो मसाला त्या चेडवांच्या हातात दे, आणि उद्या मी काय ते दाखवते.

तर मसाला मिळाला. पण संध्याकाळी दोघी घरी आल्यावर आजीने ताटं वाढली, स्वतः भिंतीकडे तोंड करून जेवली. ज्या बाईने उन्हात प्रत्येक मिरचीचं देठ हाताने खुडलं, तिच्या मसाल्यात किडे. ती रविवारी दुप्पट मसाला घालून तिखलं करणार होती आणि मजल्यावरच्या प्रत्येक घरात वाटी पाठवणार होती. मनवाने अडवायचा प्रयत्न केला, तर आजी म्हणाली, “तू वरणभात खा गो.”

दुप्पट मसाला म्हणजे अप्पा कुठवर जातील, हे मनवाने बेबीला विचारलं नाही. बेबी ओट्यावर बसून आपल्या तळहाताकडे बघत होती.

रविवारी सकाळी उजाडताच दोघी गिरगावला निघाल्या. जेवणाआधी परत यायचं होतं.

देविकाआजी पाठारे प्रभूंच्या. त्यांच्या घरात सगळ्याच वस्तू हळू आवाजात ठेवलेल्या असतात. खुर्चीची पाठ इतकी सरळ की बसणाऱ्याला आपोआप खरं बोलावंसं वाटतं. शेवंतीआजी आणि त्या, फार पूर्वी परळच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी शेजारशेजारच्या खाटांवर होत्या, तेव्हापासूनची ओळख. दरवर्षी शेवंतीआजी त्यांना मसाला पाठवते आणि त्या शेवंतीआजीला त्यांच्या घरचा संभार मसाला पाठवतात.

मसाल्याचा विषय निघताच देविकाआजी म्हणाल्या, “अप्रतिम. दर रविवारी तोच वापरतो आम्ही. संपत आला.”

मनवाचा चेहरा उतरला. संपत आला म्हणजे या घरातल्या सगळ्यांच्या पोटात गेला, म्हणजे सगळ्यांना शिंकवायचं, आणि घड्याळ तर पुढे चाललेलं. बेबीने तोंड उघडलं. तिच्याकडे दोन-तीन खोटी तयार होती, एकात तर मनपाचा माणूससुद्धा होता. पण तिला आजीची भिंतीकडची पाठ आठवली, आणि त्या सरळ खुर्चीत ती म्हणाली, “मी परी आहे. मी त्या मसाल्यात नको ते टाकलं. गंमत म्हणून. आता एक आजोबा त्याने उडून जाणारेत, आणि काल मी खोटं बोलून हिच्या आजीला दुखावलं. मला तो मसाला परत हवाय.”

हे म्हणून झाल्यावर तिला वाटलं, आता आपल्याला इथून हाकलणार.

देविकाआजींनी तिच्याकडे पाहिलं. परीचं त्यांना किती पटलं कळायला मार्ग नव्हता. पण त्या उठल्या, काचेचं कपाट उघडलं, आणि मागच्या रांगेतून बरणी काढली. दादऱ्याची गाठसुद्धा शेवंतीआजीच्या हातची होती.

“उघडला नाही कधी,” त्या म्हणाल्या. “कुठल्याच वर्षीचा नाही. आम्हाला संभाराशिवाय चालत नाही. तिला सांगू नकोस हं, वाईट वाटेल.”

मनवाला आजीच्या फळीवरची रांग आठवली. तिथे दर वर्षीच्या संभाराच्या पुड्या होत्या, एकीलाही हात लागलेला नव्हता. देविकाआजींनी तिच्या पिशवीत या वर्षीची पुडी टाकली.

येताना बस अशी काही रेंगाळली की जणू तिनेही मासे खाल्ले होते. दोघी चाळीच्या रस्त्याला लागल्या तेव्हा दुपार पडली होती. सगळीकडे ती झोपलेली, पिवळसर शांतता. आणि तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या कठड्यावरून, पाय पुढे करून, अप्पा सावकाश बाहेर येत होते. उशी अजून डोक्याखाली होती.

मनवा जिना धावत चढली. बेबी तिच्या पुढे होती, पंख नसलेली परी जिन्यात बरीच चपळ असते. गॅलरीच्या दोरीवर आजीचं नऊवारी लुगडं वाळत होतं. बेबीने ते ओढलं, कठड्यावर उभी राहिली आणि अप्पांच्या घोट्याला एक टोक बांधलं. दुसरं मनवाने खांबाला. लुगडं उलगडत गेलं, उलगडत गेलं आणि ताणलं. अप्पा कौलांच्या वर जाऊन थांबले. थोडे वाऱ्यावर डुलले. हिसका बसल्याने त्यांना जाग आली.

त्यांनी ओरडायला हवं होतं. पण त्यांनी उशी काखेत धरली आणि खाली बघितलं.

बेबी लुगड्याला धरून वर चढली, तेव्हा तिला दिसलं ते काय बघत होते. चारही बाजूंनी टॉवर, आणि मध्ये लालबाग परातीत पसरल्यासारखं. पुलावरच्या गाड्या मुंग्यांच्या शिस्तीत. गच्च्यांवर गोधड्या. टॉवरांच्या फटीतून समुद्राची एक उभी, चमकती चीर, सुरीएवढी. एका खिडकीत एक माणूस जागच्या जागी धावत होता आणि कुठेही पोचत नव्हता. अप्पांनी त्याला हात केला. त्याने केला नाही.

बेबीने अप्पांना समजावलं की लुगडं जुनं आहे, फार वेळ धरणार नाही, वारा शिवडीकडे आहे. तुम्ही फक्त शिंका, बाकीचं मी बघते.

“कित्या?” अप्पा म्हणाले. “हयसर माझे गुडघे गप आसत.”

“पण खाली घर आहे.”

“खाली खुर्ची आसा.”

बेबीने अडीचशे वर्षांत लोकांना हलकं केलं होतं ते दोन पायऱ्यांपुरतं, आणि मग भुकटी परत. पुढच्या पायऱ्यांचं ते काय करतात, हे तिने कधी मागे वळून बघितलं नव्हतं. लुगड्याच्या काठाशी बारीक आवाज झाला. र्र.

खाली आजी उठली होती. तिने नवऱ्याला कौलांवर बघितलं, मनवाला लुगडं धरून रडताना बघितलं, आणि वेळ दवडला नाही. नवरा हवेत जातो म्हणजे कुणाची तरी जबरदस्त नजर लागली. तिने करवंटी पेटवली, मुठीत मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या घेतल्या, वर अप्पांच्या दिशेने ओवाळल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. अशा वेळी ठसका लागला नाही तर दृष्ट लागलेली असते. लागला तर नसते.

ठसका लागला. पहिल्यांदा आजीला, मग मनवाला, मग मजल्यावरच्या एकेका दारातून लोक खोकत बाहेर आले. शेजारचे जगदीशकाका डोळे पुसत वर बघून म्हणाले, “अप्पा, वर आहातच तर आमची डिशची छत्री जरा उजवीकडे फिरवा.”

आजीला वाईट वाटलं. दृष्ट नव्हती. म्हणजे कुणाला नाव ठेवायलाही जागा राहिली नाही. पण धूर वर चढत राहिला, गॅलरीतून कौलांवर, कौलांवरून लुगड्याच्या कडेकडेने अप्पांच्या नाकापर्यंत, आणि अप्पा शिंकले. उन्हात काहीतरी चमकलं. अप्पा वीतभर खाली आले.

बेबी लुगड्यावरून घसरत गॅलरीत उतरली आणि आजीसमोर उभी राहिली. तिने सगळं सांगितलं. डंक, मूठ, दादरचं खोटं. मजलाभर लोक ऐकत होते. किडे नव्हतेच, ती म्हणाली, मसाल्यात काहीच वाईट नव्हतं, फक्त मी होते. अजून मिरच्या टाका, म्हणजे ते येतील.

आजीने तिच्याकडे एकदा बघितलं. मग ती आत गेली आणि मिरच्यांचा आख्खा डबा घेऊन आली.

अप्पा शिंकेशिंकेने उतरले. प्रत्येक शिंकेला मजला थोडा टाळ्या वाजवायचा आणि जास्त खोकायचा. ज्यांनी वाटीभर तिखलं खाल्लं होतं ते सगळेच शिंकत होते, आजीसुद्धा, त्यामुळे गॅलरीभर सोनेरी धूळ उडाली, जशी खेळणाऱ्या पोरांमधून दुपारची उडते. मनवाने तिन्ही बरण्या आणून मांडल्या. अप्पांचे पाय फरशीला टेकले, गुडघे कडाडले, आणि ते मुकाट्याने खुर्चीत बसले. बेबीने हात पुढे केला आणि म्हणाली, “ये.”

सगळी आली. बरण्यांमधून, हवेतून, पातेल्याच्या तळातून, जगदीशकाकांच्या मिशीतून. मूठ भरली.

कठड्यावर नम्रता बसलेली होती. कधी आली ते कुणी बघितलं नाही. मांडीवर बेबीचे पंख घडी करून ठेवलेले. ती म्हणाली, दाखव.

बेबीने मूठ पुढे केली नाही. ती अप्पांकडे बघत होती. अप्पा कठड्याच्या गजांमधून रस्त्याकडे बघत होते, रोजच्यासारखे.

“आजी,” बेबी म्हणाली, “गुडघ्यांपुरती किती लागेल? उडायला नको. नुसतं उतरता-चढता यावं.”

“मुठीन घालूचो नसता कधी,” आजी म्हणाली. “चिमटीन घालूचो.” तिने बेबीच्या तळहातावरून चिमूट उचलली, अप्पांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, थोडी परत टाकली, थोडी पुन्हा घेतली, जशी मीठ घेते. मग ती अप्पांच्या दोन्ही गुडघ्यांवर चोळली. अप्पा उभे राहिले. खाली बसले. पुन्हा उभे राहिले. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही असं ठरवून उभे राहिले.

नम्रताने मूठ बघितली. म्हणाली, कमी आहे, आणि ही उतरत जाणार, त्यांना दर आठवड्याला लागेल. बेबी म्हणाली, हो. नम्रता म्हणाली, मग पंख नाहीत. बेबी पुन्हा हो म्हणाली, आणि विचारलं, माफी तरी?

“ती माझ्याकडे नसते. मसाला माझा नव्हता.”

आजीने करवंटी विझवली. अप्पा उडाले याचं तिला काही नव्हतं, माणूस सुखरूप घरात आला. पण दादरचं अजून उरलं होतं. तिने फोन आणून बेबीच्या हातात दिला. बेबीने आत्याला फोन लावला आणि मजल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की काल मी खोटं बोलले, यंदाच्या मसाल्याला तोड नाही, किड्याचं नावसुद्धा नाही. आत्याने विचारलं, मग तू कोण? बेबीने आजीकडे बघितलं.

“गावची म्हणून सांग,” आजी म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

नम्रता पंख काखेत मारून उडाली. अप्पांनी तोपर्यंत चपला शोधल्या होत्या. एक खाटेखाली होती, दुसरी मनवाने कुठूनतरी आणली. ते जिना उतरले. पहिल्या काही पायऱ्या त्यांनी भिंतीला धरून घेतल्या, मग भिंत सोडली. मनवा त्यांच्या मागे, बेबी तिच्या मागे, हात पाठीशी बांधून, प्रत्येक पायरी मोजावी तशी बघत.

अप्पा रस्त्यावर आले. इतके महिने ज्या रस्त्याकडे वरून पाहिलं तो पायाखाली घेऊन ते मधोमध उभे राहिले, एका टेम्पोने त्यांच्यामुळे थांबून हॉर्न दिला, आणि त्यांनी मान वर करून आपली गॅलरी खालून बघितली. बराच वेळ बघितली. लुगडं अजून खांबालाच लटकत होतं, फाटलेलं.

“शेवंती,” ते म्हणाले, “लुगडा वाकडा वाळत घातलंस.”

वरून आजीने सांगितलं की मग वर येऊन सरळ करा.

करतो म्हणाले, आणि कोपऱ्यावरच्या सलूनकडे दाढी करायला चालू लागले.